नाटक आणि रंगभूमी हा मेजर विषय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाटक मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, म्हणून घ्यावं की नाही या विचारात असलेले विद्यार्थी, त्यांचे पालक आणि कधीकधी दुसऱ्या विभागांतले शिक्षकही पुन्हा पुन्हा पाठवतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. क्रेडिटची संख्या, पेपरांची नावं, प्रवेशाच्या तारखा प्रत्येक विद्यापीठात वेगळ्या असतात. त्यासाठी त्या त्या विभागाचं माहितीपत्रकच बघा.

१. नाटक मेजर घेतलं की नेमकं काय शिकवतात?

ढोबळमानाने चार गोष्टी. पहिली, संहिता वाचणं आणि रंगभूमीचा इतिहास. दुसरी अभिनय, म्हणजे आवाज, शरीर आणि तालीम. तिसरी नेपथ्य, प्रकाशयोजना, ध्वनी, वेशभूषा, रंगभूषा आणि विंगेत उभं राहून प्रयोग चालवण्याचं काम. चौथा सिद्धांत: भरताच्या नाट्यशास्त्रापासून ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल, रशियन दिग्दर्शक स्तानिस्लावस्की, जर्मन नाटककार ब्रेख्त आणि पुढे मोर्चे, खटले, धार्मिक विधी यांच्याकडेही ‘प्रयोग’ म्हणून बघणाऱ्या परफॉर्मन्स स्टडीजपर्यंत.

पहिल्या वर्षी सगळ्यांना सगळं करावं लागतं. नंतर एका बाजूला झुकता येतं, पण बाकीच्या तीन बाजू पूर्ण सुटत नाहीत. त्या सुटू नयेत असंच माझं मत आहे.

२. याला आंतरविद्याशाखीय का म्हणतात? सगळ्यातलं थोडं थोडं आणि कशातलंच धड नाही, असं होत नाही का?

होऊ शकतं. विभागाने मानसशास्त्राचा एक पेपर, इतिहासाचा एक, संगीताचा एक अशी नुसती यादी जोडली तर नक्कीच होतं. अभ्यासक्रम चांगला आहे की नाही हे ओळखायचं असेल तर बघा: प्रश्न रंगभूमीचा आहे आणि त्याच्या उत्तरासाठी दुसऱ्या शास्त्रांकडे जावं लागतंय, असं तिथे घडतं का?

एक उदाहरण घेऊ. ग्रीसमध्ये एपिडॉरसला इसवी सनपूर्व चौथ्या शतकातलं खुलं नाट्यगृह आहे, सुमारे १४ हजार माणसं बसतील एवढं. मध्यभागी नाणं पाडलं तरी शेवटच्या रांगेत ऐकू येतं, असं तिथे येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. २००७ मध्ये दोन संशोधकांनी मांडलं की चुनखडीच्या पायऱ्यांची रांगच खालच्या पट्टीतली गुणगुण गाळून टाकते आणि माणसाचा आवाज स्वच्छ पोचतो. पुढे २०१७ मध्ये एका डच गटाने जागोजागी यंत्रं लावून मोजमाप केलं. चांगल्या दमाने फेकलेले शब्द मागेपर्यंत कळतात, पण कुजबुज किंवा नाण्याचा आवाज शेवटपर्यंत समजेल असा पोचत नाही, असं त्यांना आढळलं.

नाटकाच्या विद्यार्थ्याचं काम इथून पुढे सुरू होतं. वास्तू एवढीच मदत करत असेल तर नटाला आवाज किती कमवावा लागला असेल? तोंडावर मुखवटा, त्यात पायऱ्या माणसांनी भरलेल्या. मग आवाजाचं काय होत असेल? शोकांतिकांमधली भाषणं लांब आणि छंदोबद्ध आहेत, त्याचा याच्याशी संबंध असेल का? यासाठी ध्वनिशास्त्र, पुरातत्त्व आणि ग्रीक छंद तिन्ही लागतात. पण प्रश्न सुचायला मात्र कधीतरी मोठ्या मैदानात उभं राहून संवाद म्हटलेला असावा लागतो.

असं ज्ञान नाही, शिल्प नाही, विद्या नाही, कला नाही जी नाट्यात दिसत नाही, हा नाट्यशास्त्राच्या पहिल्या अध्यायातला श्लोक अनेकांना पाठ असतो. मला त्याहून मोलाचं वाटतं ते हे की पुढचाच अध्याय जमिनीची पारख, मोजणीची दोरी, खांब आणि नाट्यगृहाचे आकार यांवर आहे. एवढ्या मोठ्या दाव्यानंतर ग्रंथ थेट मातीत उतरतो.

३. नाट्यशाळेतला अभिनयाचा डिप्लोमा आणि विद्यापीठातला हा मेजर यांत फरक काय?

वेळ कुठे जातो, हा. नाट्यशाळेत दिवसाचा बहुतेक वेळ कसब घोटण्यात जातो आणि निवड पहिल्यापासून कडक असते. विद्यापीठात रंगमंचावरचा वेळ त्या मानाने कमी. वाचन, लेखन, संशोधन आणि दुसरे विषय सोबत चालतात.

दोन्हींची मुळं वेगळी आहेत. अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी संस्थेने १९१४ मध्ये नाटकाचा पदवी अभ्यासक्रम सुरू केला तो प्रशिक्षणाच्या अंगाने. बर्लिनमध्ये १९२३ साली माक्स हेरमान यांनी रंगभूमीच्या अभ्यासासाठी संस्था उभी केली ती संशोधनाच्या अंगाने. लिहिलेलं नाटक आणि नट-प्रेक्षक यांच्यात घडणारी घटना या वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपला विषय ती घटना आहे, हा त्यांचा आग्रह होता. हेरमान ज्यू होते. नाझींनी त्यांची प्राध्यापकी काढून घेतली आणि १९४२ मध्ये टेरेझिनच्या छावणीत त्यांचा अंत झाला. आज जगभरातले विभाग ज्या पायावर उभे आहेत तो त्यांनी घातला, म्हणून हे नाव विद्यार्थ्यांना ठाऊक असायलाच हवं.

फक्त अभिनयच करायचा हे पक्कं ठरलं असेल तर नाट्यशाळेचीच तयारी करा. ‘नाटक सोडवत नाही, पण आणखीही बरंच कळून घ्यायचंय’ असं वाटत असेल तर मेजर.

४. साहित्याच्या वर्गातही नाटकं शिकवतात. मग वेगळा विषय कशाला?

नॉर्वेजियन नाटककार इब्सेनच्या १८७९ सालच्या ‘अ डॉल्स हाउस’चा शेवट बघा. नोरा घर सोडून जाते, नवरा एकटा उरतो, आणि खालून दार बंद झाल्याचा आवाज येतो. साहित्याच्या वर्गात चर्चा होते ती नोराच्या निर्णयाची. ती हवीच. आता हेच पान घेऊन तालमीच्या खोलीत या. आवाज ‘खालून’ येतो असं रंगसूचनेत आहे, म्हणजे तिला जिना उतरायचा आहे. मग एक्झिट आणि आवाज यांत किती वेळ ठेवायचा? आवाज लगेच आला तर ती पळाल्यासारखी वाटते. लांबवला तर नवऱ्याच्या चेहऱ्यावर आशेची एक झुळूक येऊन जायला जागा मिळते आणि मग दार वाजतं. संहितेत त्याच्या तोंडी तसे शब्दही आहेत. ते म्हणून झाल्यावर किती थांबायचं हे नट, दिग्दर्शक आणि ध्वनीचा क्यू (इशारा) देणारा अशा तिघांनी मिळून ठरवायचं असतं. आवाज विंगेतल्या खऱ्या दाराचा घ्यायचा की रेकॉर्ड केलेला, हे आणखी वेगळंच. वर्गात हे तीन वेगवेगळ्या पद्धतींनी करून बघितलं की तीन वेगळी नाटकं दिसतात.

याच शेवटाला आणखी एक बाजू आहे. जर्मनीतल्या प्रयोगासाठी नामांकित नटी हेडविग नीमान-राबे यांनी मुलांना सोडून जाणारी आई उभी करायला नकार दिला. तिथे इब्सेनच्या लेखनाला कायद्याचं संरक्षण नव्हतं, शेवट कोणीही बदलू शकलं असतं. म्हणून त्याने नाइलाजाने स्वतःच दुसरा शेवट लिहून दिला, ज्यात नोरा थांबते. तो शेवट म्हणजे नाटकावरचा अत्याचार आहे असंही त्याने सांगितलं. कॉपीराइटचा इतिहास, नाट्यव्यवसायातली नटीची ताकद, त्या काळातली आईपणाची कल्पना आणि संहितेची पाठभेदचिकित्सा, सगळं एका दाराशी येऊन थांबतं.

५. मला स्टेजची भीती वाटते. अभिनय करायचाच नाही. तरी घेता येईल?

येईल. मात्र अभिनयाचा एक पायाभूत पेपर बहुतेक ठिकाणी सगळ्यांना असतो, लहान गटात आणि बाहेरच्या प्रेक्षकांशिवाय. तो टाळू नका. डोळ्यांवर प्रखर प्रकाश घेऊन संवाद म्हणताना समोरचं काहीच दिसत नाही, हे एकदा अनुभवलेली व्यक्ती प्रकाशयोजना करताना नटाचा विचार जास्त करते.

६. प्रवेशासाठी ऑडिशन असते का? आधीचा अनुभव हवा का?

काही ठिकाणी ऑडिशन, काही ठिकाणी मुलाखत, काही ठिकाणी नुसते गुण. ऑडिशन असेल तर बहुधा एक छोटं स्वगत आणि थोडं आयत्या वेळचं काम. अनुभवापेक्षा सूचना दिल्यावर तुम्ही तेच स्वगत बदलून करू शकता का, याकडे परीक्षकांचं जास्त लक्ष असतं.

७. तालमींमुळे बाकीचे विषय मागे पडतात का?

पडू शकतात, हे आधीच माहीत असलेलं बरं. तालमी संध्याकाळी होतात आणि प्रयोगाआधीच्या आठवड्यात नेपथ्य लावणं, दिवे टांगणं, क्यू बसवणं, रंगीत तालीम यांत दिवस पूर्ण भरतो. जोडविषयाला प्रयोगशाळा असेल त्या सेमिस्टरमध्ये मोठी भूमिका किंवा दिग्दर्शन घेऊ नका. ध्वनी किंवा वेशभूषा-साहाय्यासारखं आखीव वेळेचं काम घ्या.

८. नाटकासोबत दुसरा विषय कोणता घ्यावा?

‘कशाला मागणी आहे’ यापेक्षा ‘कोणता प्रश्न पाठ सोडत नाही’ याने ठरवा.

सत्ता आणि बोलण्याचा हक्क यांत रस असेल तर कायदा, इतिहास किंवा राज्यशास्त्र. ब्रिटनमध्ये १७३७ च्या कायद्यापासून १९६८ पर्यंत नाटकाला सरकारी परवाना लागे. ब्रिटिश हिंदुस्थानात १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा आला. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर १९१० मध्ये बंदी आली. गोष्ट महाभारतातली, पण प्रेक्षक कीचकात लॉर्ड कर्झन बघत होते. संहितेत कर्झनचं नावही नाही. मग गुन्हा शब्दांत होता, नटाच्या आविर्भावात होता की प्रेक्षकांच्या टाळीत? यावर अख्खा प्रबंध होतो, आणि तो लिहायला सरकारी कागद वाचता यायला हवेत तसाच प्रयोगही वाचता यायला हवा.

राज्यशास्त्राकडून आलात तर ब्राझीलचे नाट्यदिग्दर्शक अगुस्तो बोआल अभ्यासा. रिओच्या नगर परिषदेवर १९९३ ते १९९६ सदस्य असताना त्यांनी वस्त्यांमध्ये नाटकं केली. प्रेक्षक उठून रंगमंचावर येत, प्रसंग बदलून दाखवत, आणि त्यांतून निघालेल्या सूचनांचे प्रत्यक्ष कायदे झाले.

अर्थशास्त्रात नाटकवाल्यांना भिडणारा एक जुना प्रश्न आहे. बॉमोल आणि बोवेन यांनी १९६६ मध्ये दाखवलं की कारखान्यात तेवढ्याच माणसांकडून दरवर्षी जास्त माल निघतो, पण दोन तासांच्या नाटकाला दोनच तास आणि तेवढीच माणसं लागतात. पगार मात्र बाकी बाजाराबरोबर वाढतात. नाट्यसंस्था कायम तोट्यात का, याचं उत्तर केवळ ढिसाळ कारभारात नाही हे यातून कळतं.

समाजशास्त्रात गॉफमन यांनी रोजच्या वागण्याचं विश्लेषण दर्शनी बाजू, पडद्यामागची बाजू अशा नाट्यपरिभाषेत केलं. भाषाशास्त्र अनुवाद आणि बोलींसाठी उपयोगी. मानसशास्त्राचं उत्तर प्रश्न १० मध्ये आहे.

९. मी सायन्सची विद्यार्थिनी आहे. इथे माझा काय उपयोग?

फार. प्रकाशयोजना करणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात दोन नियम लागतात. दिवा दुप्पट अंतरावर नेला की उजेड साधारण चौथाई होतो. आणि कापडाचा रंग हा त्यावर पडणाऱ्या प्रकाशावर ठरतो: लाल शालूवर शुद्ध हिरवा प्रकाश टाकला की शालू जवळपास काळा दिसतो. वेशभूषाकार आणि प्रकाशयोजनाकार वेळेत बोलले नाहीत की रंगीत तालमीत हे कळतं, आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो. लंडनचं सॅव्हॉय थिएटर १८८१ मध्ये विजेच्या दिव्यांवर गेलं; त्यानंतर अभिनय, रंगभूषा आणि रंगवलेले पडदे कसे बदलले, हा फिजिक्स आलेल्या मुलीने हात घालावा असा विषय आहे.

१०. मानसशास्त्र आणि नाटक दोन्ही केलं की ड्रामा थेरपिस्ट होता येतं का?

नाही. ती स्वतंत्र पदव्युत्तर पात्रता आहे. तिच्यात देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्णांसोबतचं काम असतं आणि बऱ्याच देशांत नोंदणीही लागते. हा जोडमेजर तिची चांगली पूर्वतयारी आहे, एवढंच. शाळा, तुरुंग, वस्ती इथे नाटकाच्या कार्यशाळा घेणं वेगळं आणि कुणाच्या जुन्या जखमेवर उपचार करणं वेगळं. कार्यशाळेत कुणी कोसळलं तर खेळ थांबवायचा आणि तज्ज्ञाकडे पाठवायचं. हे मी पुन्हा पुन्हा सांगते, कारण उत्साहाच्या भरात ही रेषा सहज ओलांडली जाते.

११. अभिनयाला गुण कसे देतात? परीक्षकाच्या आवडीवर?

चांगल्या विभागात गुणांची फोड आधीच हातात मिळते. प्रयोग हा त्यातला एक भाग. तालमीची वही, संहितेचं विश्लेषण, वेळ पाळणं, सूचना घेऊन पुढच्या तालमीत बदल करणं आणि शेवटी तोंडी परीक्षा, या सगळ्याला गुण असतात. तोंडीत विचारतात ते असं: ‘तिसऱ्या प्रवेशात तुम्ही पाठ फिरवलीत, का?’ उत्तर वहीतल्या नोंदींशी जुळायला हवं. म्हणूनच प्रयोग फसूनही उत्तम गुण मिळू शकतात, आणि टाळ्या पडूनही कमी.

१२. गटातल्या एकाने ऐन वेळी दगा दिला तर सगळे नापास होतात का?

नाही, गुण वैयक्तिक असतात (प्रश्न ११). पण तालमीची हजेरी आणि बदल वहीत रोज लिहिलेले हवेत. भांडण झाल्यावर लिहिलेल्या नोंदी कुणी धरत नाही.

१३. प्रत्यक्ष प्रयोग बघायला मिळत नाहीत. रेकॉर्डिंगवर अभ्यास चालेल का?

चालेल, पण कॅमेऱ्याने तुमच्यासाठी आधीच निवड केलेली असते हे लक्षात ठेवून. तो बोलणाऱ्याचा चेहरा दाखवतो, आणि बऱ्याचदा नाटक ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर घडत असतं. लिहिताना रेकॉर्डिंग किती कॅमेऱ्यांचं, प्रेक्षकांसमोरचं की रिकाम्या नाट्यगृहातलं, हे नोंदवा. नेपथ्याची चित्रं, परीक्षणं, प्रॉम्प्ट बुक (हालचाली आणि क्यू टिपलेली संहितेची प्रत) मिळालं तर तेही शेजारी ठेवा. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात १९७० पासून रंगमंचीय प्रयोगांचं चित्रण जपून ठेवलं जातं. ते तिथे जाऊनच बघावं लागतं, तरीही संशोधक ते बघायला लांबून येतात.

१४. परीक्षेसाठी कुणाचंही नाटक करता येतं का? परवानगी लागते?

बंद वर्गातल्या अभ्यासाला बहुतेक कायदे सवलत देतात. बाहेरचे प्रेक्षक आले, तिकीट लावलं किंवा चित्रण इंटरनेटवर टाकलं की प्रश्न बदलतो. लेखकाच्या मृत्यूनंतरही हक्क अनेक वर्षं टिकतात: भारतात ६० वर्षं, बऱ्याच देशांत ७०. विद्यार्थी हमखास अडकतात ते तीन ठिकाणी. मूळ नाटक हक्कमुक्त असलं तरी त्याचा नवा अनुवाद नसतो, म्हणजे शेक्सपियर मोकळा, अनुवादक नाही. परवानगी मिळाली तरी प्रवेश कापण्याची किंवा पात्राचं लिंग बदलण्याची परवानगी त्यात धरलेली नसते. आणि नाटकातल्या गाण्यांचे हक्क वेगळ्याच व्यक्तीकडे असू शकतात. पत्र तालीम सुरू होण्याआधी पाठवा.

१५. एखादा प्रसंग करायला मन धजत नसेल तर नाही म्हणता येतं का?

येतं, आणि कारण सांगायची सक्तीही नसावी. जवळिकीचे आणि हिंसेचे प्रसंग आता बऱ्याच ठिकाणी नृत्यासारखे हालचाल-हालचाल ठरवून बसवतात. कोणी कुठे, किती वेळ हात ठेवायचा हे लिहून ठेवतात आणि ठरल्याबाहेर काही करायचं नाही हा नियम असतो. नकार पात्रयोजनेच्या वेळीच कळवा. वाचन आणि चर्चा मात्र टाळता येत नाहीत. न पटणारी नाटकं नीट वाचणं हा अभ्यासाचाच भाग आहे.

१६. खऱ्या माणसांच्या मुलाखती घेऊन त्यांच्याच शब्दांत नाटक करायचंय. काय काळजी घ्यावी?

आधी विभागाच्या नीतिसमितीची मंजुरी. मुलाखतीची संमती आणि रंगमंचावर शब्द वापरण्याची संमती स्वतंत्र घ्या, कारण घरात बसून बोललेलं वाक्य परक्याच्या तोंडून, अंधारात बसलेल्या अनोळखी लोकांसमोर ऐकणं फार वेगळं असतं. शक्य असेल तर त्यांना तालमीला बोलवा आणि त्यानंतरही माघार घ्यायची मुभा ठेवा. लहान गावातली गोष्ट असेल तर नाव बदलूनही माणूस ओळखू येतो. तेव्हा तपशीलही बदलावे लागतात, किंवा तो भाग सोडून द्यावा लागतो. न्यायालयाचे निकाल किंवा सभागृहातली भाषणं यांसारख्या सार्वजनिक कागदांना हे सगळं लागू होत नाही, पण त्यांतल्या साक्षीदारांची इभ्रत सांभाळणं सुटत नाही.

१७. नोकरीचं काय? घरी काय सांगू?

घरी खरं ते सांगा. निव्वळ अभिनयावर नियमित पगार मिळवणारे थोडे असतात. पदवीधर शिक्षण, लेखन, डबिंग, ध्वनिमुद्रण, कार्यक्रम-व्यवस्थापन, संग्रहालयं, कलासंस्थांचं प्रशासन, पत्रकारिता, गेम अशा बऱ्याच ठिकाणी जातात. ‘नाटकाने आत्मविश्वास वाढतो’ हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही, कारण ते कुठल्याही छंदाबद्दल म्हणता येतं. दाखवता येईल असं काम जमवा: तुम्ही चालवलेल्या प्रयोगाचं क्यूशीट, अंदाजपत्रक आणि प्रत्यक्ष खर्च, प्रकाशयोजनेचा आराखडा, एक पूर्ण झालेला संशोधन-निबंध. विभागालाही विचारा की मागच्या काही वर्षांतले विद्यार्थी आज काय करतात. उत्तर गुळमुळीत आलं तर तीही माहितीच आहे.

१८. पुढे एमए करावं, एमएफए की पीएचडी?

शोध आणि लेखन हवं तर एमए. दिग्दर्शन, अभिनय किंवा नेपथ्य-प्रकाशात पारंगत व्हायचं तर एमएफए (मास्टर ऑफ फाइन आर्ट्स) किंवा तत्सम. पीएचडी आता काही विद्यापीठांत प्रयोगाधारितही होते, म्हणजे प्रयोग आणि प्रबंध दोन्ही सादर करायचे. त्यात प्रयोगाचा खर्च कोण करणार हे प्रवेशाआधी लेखी विचारून घ्या.

१९. बाहेरच्या संस्थेच्या नाटकात काम केलं तर त्याचे क्रेडिट मिळतात का?

आपोआप नाही. इंटर्नशिप किंवा स्वतंत्र प्रकल्प म्हणून आधी नोंद केली, मार्गदर्शक मिळाला आणि प्रश्न ११ मधल्यासारखी वही ठेवली तर बऱ्याच ठिकाणी मिळतात. काम झाल्यावर प्रमाणपत्र घेऊन गेलात तर सहसा नाही. मानधन घेतलं तर क्रेडिट देत नाहीत असे विभाग आहेत आणि त्याला हरकत नसलेलेही आहेत.

२०. दोन वर्षांनी दुसऱ्या विषयाकडे जावंसं वाटलं तर केलेलं वाया जातं का?

इतिहास, सिद्धांत आणि लेखनाचे पेपर बहुधा इलेक्टिव्ह (ऐच्छिक) किंवा मायनर (दुय्यम विषय) म्हणून धरले जातात. प्रात्यक्षिकांचे क्रेडिट सगळेच विभाग स्वीकारत नाहीत, आणि नुकसान होतं ते इथे. म्हणून शंका असेल तर पहिल्या चार सेमिस्टरमध्ये प्रात्यक्षिकं कमीत कमी घ्या, जोडविषयाचे सक्तीचे पेपर वेळेवर उरका आणि बदलाचा अर्ज चालू प्रयोग संपल्यावरच द्या. मध्येच निघालात तर तुमची जागा भरायला दुसऱ्या कुणाला तरी आठ दिवसांत संवाद पाठ करावे लागतात.